पिठाचा डबा आणि वयात येणारी मुलं : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांत, पालकसभांत आणि उपकेंद्राच्या ओट्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही आईबापांचे आहेत, काही शिक्षकांचे आणि आशाताईंचे, दोन खुद्द मुलींचे. दहा ते एकोणीस या वयातल्या मुलामुलींबद्दलच इथे बोललो आहोत. लहान बाळांच्या कुपोषणावर पुष्कळ बोललं जातं, त्यांचं वजन दर महिन्याला अंगणवाडीत होतं. चौदा वर्षांच्या पोराला कोणी काट्यावर उभं करत नाही.

अन्नअसुरक्षितता म्हणजे उपासमारच ना? आमच्या गावात तर कोणी उपाशी नाही.

उपासमार हे तिचं शेवटचं टोक. सुरुवात फार आधी होते, तीही पोटात न होता डोक्यात होते: पुढच्या आठवड्याचं पीठ कुठून आणायचं ही काळजी. मग भाजी जाते, डाळ पातळ होते, महिनाभर तेच ते खाल्लं जातं. त्यानंतर भाकरी लहान होते. मग एखादी वेळ टळते. सगळ्यात शेवटी अख्खा दिवस कोरडा जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने हे मोजण्यासाठी आठ प्रश्न ठरवले आहेत आणि ते साधारण याच क्रमाने जातात: गेल्या बारा महिन्यांत पैशाअभावी काळजी वाटली का, सकस खाता आलं नाही का, जेवण टाळलं का, भूक असून खाल्लं नाही का.

आपल्याकडे या पायऱ्या ऋतूंप्रमाणे चढल्या-उतरल्या जातात. दिवाळी ते संक्रांत कापूसवेचणी असते, तेव्हा मजुराच्या घरात भरीतही होतं आणि शेवभाजीही. होळी झाली की काम आटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) जुनं साल संपून नवं ठरतं, उचल मिळते, पण तिचा बराच भाग जुन्या उसनवारीत जातो. जूनमध्ये शाळा उघडते, वह्या-गणवेशाचा खर्च येतो आणि नेमकं तेव्हाच घरातली ज्वारी तळाला गेलेली असते. आषाढ-श्रावणात निंदणी मिळते, पण पाऊस लांबला तर तीही नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे कोणी उपाशी नाही’ हे जानेवारीत विचारलं तर खरं असतं. जुलैमध्ये विचारून बघा.

आमचा पोरगा घरात सगळ्यात जास्त खातो. त्याला कसं कमी पडेल?

त्याला लागतंच सगळ्यात जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार मध्यम मेहनतीच्या प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे २,७०० कॅलरी लागतात, तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३,३०० च्या वर. म्हणजे बापापेक्षा मुलाचं ताट मोठं हवं. मुलीचंही तसंच: तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला २,४०० कॅलरी, मध्यम काम करणाऱ्या तिच्या आईला २,१०० च्या आसपास. शिवाय मुलीला लोह ३० मिलिग्रॅम लागतं, बापाला १९.

कारण सरळ आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांनंतर शरीर एवढ्या झपाट्याने वाढतं ते याच वयात. हाडांत चुना भरतो, रक्ताचं प्रमाण वाढतं, मुलींची पाळी सुरू होते. उंचीची ही शेवटची संधी असते. तेव्हा जे हुकलं ते विसाव्या वर्षी भरपूर खाऊन भरून निघत नाही.

आता हिशेब करा. रेशनवर प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. दिवसाचे झाले १६६ ग्रॅम, म्हणजे पावणेसहाशे कॅलरीच्या आसपास. सोळा वर्षांच्या मुलाच्या गरजेचा हा जेमतेम सहावा हिस्सा. बाकीचे पाच हिस्से मजुरीतून यायचे असतात.

आठवीपर्यंत पोरगी ठणठणीत होती. नववीत गेल्यावर सुकली. अभ्यासाचं टेन्शन असेल का?

असेलही. पण आधी एक साधी गोष्ट विचारा: आठवीपर्यंत ती दुपारी कुठे जेवत होती?

शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातच तो आठवीपर्यंत किंवा सहा ते चौदा वयापर्यंत लिहिलेला आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्याचं, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचं जेवण ठरलेलं असतं. जूनमध्ये नववीचा वर्ग लागतो आणि ते ताट बंद होतं. त्याच वर्षी गरज वाढलेली असते. बऱ्याच गावांत आठवीनंतर शाळा लांब जाते, एसटीने किंवा पायी तीन-चार किलोमीटर. सकाळी आईला शेतात जायची घाई, डबा होत नाही, झाला तर कोरडी भाकर आणि ठेचा. मैत्रिणींसमोर तो उघडायची लाज वाटते म्हणून मुली डबा तसाच घरी आणतात, किंवा नेतच नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्या विषयात सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती कुठल्या आईची नाही. ज्या वयात भूक सर्वांत मोठी, त्या वयात सरकारी ताट काढून घेतलं जातं. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना वरच्या वर्गांतही जेवण मिळतं, हा फरक ज्याला ठाऊक आहे तो बाप मुलीला आश्रमशाळेत का घालतो ते वेगळं सांगावं लागत नाही. शहरातल्या आदिवासी वसतिगृहांत मात्र २०१८ मध्ये खानावळीऐवजी जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर टाकायची पद्धत आली. हप्ता लांबला की खानावळवाला किती दिवस थांबणार?

शिक्षक म्हणून उपाशी मूल ओळखायचं कसं? विचारलं तर सगळे ‘जेवलो’ म्हणतात.

म्हणणारच. घरातही ते हेच म्हणतात. धाकट्या भावाला उरावं म्हणून ‘माले भूक नई शे’ म्हणणारी मोठी बहीण खान्देशातल्या कुठल्याही वस्तीत सापडेल. आई स्वतःचं ताट कमी करून पोरांना वाढते हे आपल्याला माहीत असतं. वयात आलेलं पोर तेच करायला शिकतं, हे लक्षात येत नाही. मोठ्यांना वाटतं मुलांना घरची ओढाताण कळत नाही. त्यांना पिठाच्या डब्याच्या आवाजावरून कळते.

त्यामुळे सगळ्या वर्गासमोर ‘कोण उपाशी आहे’ हे कधीच विचारू नका. एकट्याला विचारतानाही सरळ प्रश्नापेक्षा ‘काल रात्री भाजी काय होती?’ हा प्रश्न बरा. उत्तराला किती वेळ लागतो तेच उत्तर. बाकी खुणा: प्रार्थनेच्या वेळी चक्कर, सोमवारी जास्त गैरहजेरी, दुपारनंतर बाकावर डोकं, वारंवार पोटदुखी आणि डोकेदुखीची तक्रार, खेळायला नकार, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ रेंगाळणं. चिडकेपणाही खूणच आहे. ‘उद्धट झालाय’ असा शेरा मारलेल्या एका मुलाने मला सांगितलं होतं की तो सकाळचा चहा आणि संध्याकाळची खिचडी यांच्यामध्ये काही खात नाही. मी त्या दिवशी त्याला शिस्तीवर दोन शब्द सुनवायला बोलावलं होतं.

एक सोपा उपाय काही शिक्षक करतात: टेबलाच्या खणात शेंगदाणे-फुटाण्यांची बरणी, कोणीही न विचारता मूठभर घ्यायचे. न विचारता हे महत्त्वाचं.

मुलीचं हिमोग्लोबिन ९ आलं. शाळेतली निळी गोळी खाल्ली की मळमळतं, म्हणून ती फेकते.

बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम, ८ च्या खाली तीव्र. देशभरात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. मुलांचा आकडा कोणी बोलून दाखवत नाही, पण तीनातला एक म्हणजे थोडा नव्हे.

निळी गोळी आठवड्यातून एकदा द्यायची असते. तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, पोटात पिळ पडतो. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली: जिला गोळीची सर्वांत जास्त गरज, तीच सकाळी उपाशी आलेली असते. तिलाच सर्वांत जास्त त्रास होतो, तीच गोळी मागच्या खिडकीतून टाकते आणि नोंदवहीत ‘दिली’ अशी टीप पडते. गोळी जेवणानंतरच द्या. नववी-दहावीत शाळेत जेवण नसतं, तर मुलीला ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगा. शौच काळी होते, घाबरू नका. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको.

मात्र ९ हिमोग्लोबिनला आठवड्याची एक गोळी पुरणार नाही. ती रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. झालेल्यासाठी डॉक्टर रोजच्या गोळ्या देतात, सहसा तीन महिने, आणि मध्ये रक्त पुन्हा तपासतात. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत मिळते, तीही चुकवू नका. पोटात जंत असतील तर अर्धी भाकर त्यांचीच.

आम्ही धडगावकडचे. डॉक्टर म्हणाले सिकलसेल तपासा. गोळ्या खाऊन बरं होणार नाही का?

डॉक्टर बरोबर सांगतात. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तो आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे, खाण्याने होत नाही आणि खाण्याने जात नाही. फिकटपणा, थकवा, कावीळ आणि सांध्यांत जीवघेणा ठणका ही त्याची लक्षणं. थंडी, ताप आणि पाणी कमी पिणं यांनी ठणका उठतो.

सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी मनाने खाऊ नये. आधी शरीरात लोह खरंच कमी आहे का ते पाहावं लागतं. फॉलिक ॲसिड मात्र सहसा नियमित देतात. वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट समजून घ्या: वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. आणि रुग्ण असला म्हणून जेवणाचा प्रश्न सुटत नाही, उलट त्या मुलाला उपाशी राहणं इतरांपेक्षा महाग पडतं.

पैसे नसताना सकस काय खायला द्यायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईला सफरचंद आणि बदाम सांगणाऱ्यांचा मला राग येतो. सल्ला देण्याआधी तिच्या चुलीपाशी बसावं.

आपल्या जुन्या खाण्यात बरंच आहे. कळण्याची भाकर घ्या: ज्वारीत उडीद मिसळून दळायची रीत आपल्या आज्यांनी चवीसाठी पाडली असेल, पण धान्य आणि कडधान्य एकत्र आल्याने प्रथिनं चांगली मिळतात. रेशनच्या गहू-तांदळाला ही जोड देता आली तर द्या. उडदाचं घुटं, चवळी, मठ, नवापूरकडची तूर. शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी. अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला: शेवगा बांधावर एकदा लावला की फुकट. अंडं परवडेल तेव्हा, आणि ते एकच असेल तर वाढत्या पोराला किंवा पोरीला. मोड आलेली मटकी लिंबू पिळून खाल्ली की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. जेवणावर चहा प्यायला की तेच लोह वाया जातं, आणि आपल्याकडे चहा ही भूक मारायची सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

मुलींच्या उपवासांबद्दल एक शब्द. श्रावणातले सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. रक्त कमी असलेल्या मुलीने उपवास धरू नये. धरलाच तर भगर, राजगिरा, शेंगदाणे, ताक.

आम्ही केळीच्या पट्ट्यातले. रावेर-यावलमध्ये भूक कशी असेल?

ज्याच्या शेतात केळी त्याच्या घरी नसेल. घड वाहून ट्रक भरणाऱ्याच्या घरी असते. नगदी पिकाच्या गावात धान्य कमी पिकतं, म्हणजे मजुराला ते विकतच घ्यावं लागतं. पूर्वी ज्वारी काढली की मजुरीत ज्वारीच मिळायची, आता रोकड मिळते आणि ती किराणा, दवाखाना, मोबाइल अशी तीन ठिकाणी फुटते. छाटलेली केळी पोरं खातात, पोट भरतं, पण केळ्यात लोह आणि प्रथिनं नावापुरतीच. आणि पंधरा-सोळाचा पोरगा गाडी भरायला जाऊ लागला की त्याची मेहनत मोठ्या माणसाची होते, जेवण मात्र तेच राहतं. तंबाखूची पुडी तिथेच लागते. भूक मारते म्हणून.

मुलगा जाड आहे. मग तर अन्न कमी नाही ना?

तसं म्हणता येत नाही. पाच रुपयांचा तळलेला पुडा, पाव, गोड चहा यांनी वजन वाढतं, रक्त वाढत नाही. जाड आणि फिकट मुलं तालुक्याच्या गावांत भरपूर आहेत.

ऊसतोडीला गुजरातेत जायचं आहे. पोरांचं खाणं आणि रेशन कसं करायचं?

दसरा-दिवाळीनंतर साक्री, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, चाळीसगाव भागांतून कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात. पोरगं मागे ठेवावं की सोबत न्यावं, हा निर्णय आईबापांचा, त्यावर बाहेरून शहाणपणा सांगणं सोपं आहे. पण पुढच्या गोष्टी माहीत असू द्या.

रेशन कार्ड आता देशभर चालतं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात तर ही सोय २०१९ मध्येच सुरू झाली. घरातली काही माणसं गावी आणि काही तिकडे असतील तर आपापल्या वाट्याचं धान्य दोन ठिकाणी उचलता येतं. म्हणजे आजीजवळ राहिलेल्या मुलीचं धान्य बुडायचं कारण नाही. मागे राहणाऱ्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मुख्याध्यापकांना निघण्याआधी भेटा, नंतर नाही.

मुलगी सोळाची झाली, तिला एकटी कशी ठेवायची, म्हणून निघण्याआधी लग्न उरकायचं, हेही होतं. भुकेचा आणि बालविवाहाचा संबंध इथे उघडा दिसतो: एक ताट कमी आणि एक कोयता वाढला. अठराच्या आत तिचं गरोदरपण म्हणजे तिची स्वतःची वाढ थांबवून बाळाला देणं. कुठे लग्न ठरत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवता येतं.

रेशन दुकानदार म्हणतो, पोराचं नाव यादीतून उडालं. काय करावं?

बहुधा केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली असते. किशोरवयात याला एक खास कारण आहे: आधारसाठी बोटांचे ठसे पाचव्या वर्षी द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. ते दिले नसतील तर मशीन पोराला ओळखत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि ठसा जुळला नाही म्हणून धान्य अडलेली घरंही आपल्याच तालुक्यांत आहेत. आधी ठसे अद्ययावत करा, मग दुकानात केवायसी.

प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला मिळून ३५ किलो मिळतं, आठ माणसांच्या घरात ते माणशी पाच किलोपेक्षा कमीच पडतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तक्रार १९६७ या फोन नंबरवर किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत, लेखी, पोच घेऊन.

नंदुरबारकरांसाठी आणखी एक: हा आकांक्षित जिल्हा (केंद्र सरकारने विकासासाठी निवडलेला मागास जिल्हा) असल्याने १४ ते १८ वयाच्या मुलींना अंगणवाडीतून पूरक आहार मिळण्याची तरतूद आहे. अंगणवाडी म्हणजे फक्त बाळांची, असं समजून मुली विचारायलाच जात नाहीत.

मी दहावीत आहे. रात्री झोप लागत नाही, सारखं रडू येतं. घरी पैशावरून भांडणं होतात. मला वेड लागलंय का?

नाही गं. घरात खायची चणचण असलेल्या मुलामुलींमध्ये उदासी, काळजी आणि झोप उडणं जास्त आढळतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. यात तीन गोष्टी एकत्र येतात: पोट रिकामं असतं, घरात ताण असतो आणि ही गोष्ट कोणाला सांगायची लाज वाटते. तिसरी सर्वांत जड. तू ती इथे विचारलीस, तिथेच थोडी हलकी झाली.

ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात ‘मैत्री’ क्लिनिक असतं, दहा ते एकोणीस वयासाठीच. तिथल्या समुपदेशक ताई किंवा दादांशी बोललेलं ते बाहेर सांगत नाहीत. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन कर, आणि घरातल्या किंवा शाळेतल्या एका मोठ्या माणसाला आजच सांग. परीक्षा, पैसे, भांडणं यांचं नंतर बघता येईल.

माझी मैत्रीण डबा आणत नाही. मी दिला तर घेत नाही. काय करू?

दिल्यासारखं देऊ नकोस. ‘आईने जास्त भरला, संपव ना, नाहीतर मला बोलणी बसतील’ असं म्हण. तिच्या घरची बिबड्यांची किंवा चिंचेची चव माग, म्हणजे देणं-घेणं दोन्हीकडून होईल. वर्गात कोणाला सांगू नकोस. पण एका बाईंना, ज्या तिला ओरडणार नाहीत अशा, हळूच सांग.